हौसाक्काची जागा

"नावाची पाटी काढा," चित्रप्रदर्शनाचे संयोजक शालनला म्हणाले. "मॉडेलचं नाव लावायची आपल्याकडे पद्धत नाही. नुसतं 'बसलेली स्त्री' लिहा, नाहीतर चित्र उतरवतो. तासाभरात उद्घाटन आहे."

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कला महाविद्यालयात तीस वर्षं विद्यार्थ्यांसमोर बसलेल्या हौसाक्काचं चित्र होतं ते. पहिल्या वर्षी शालनला एक रेघ धड जमेना, तेव्हा मधल्या सुट्टीत अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवून अक्काच म्हणाली होती, "रडतीस काय? मी दगड न्हाई. माझा पाय दुखतोय, त्यो काढ." तिथून दोघींची गट्टी जमली. आता शालनने तो दुखरा पाय काढला होता, आणि पावलांभोवतीची खडूची रेघसुद्धा. सुट्टीनंतर मॉडेल नेमकी त्याच जागी परत बसावी म्हणून वर्गात तशी खूण करतात.

"पाटी राहणार," शालन म्हणाली.

संयोजकांनी शिपायाला हाक मारली. तेवढ्यात नवं लुगडं नेसून आलेल्या हौसाक्काने कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि चित्राच्या बरोबर खाली ठाण मांडलं.

"उतरवा की," ती म्हणाली. "पर आदी मला उठवा. न हलता बसण्यात जलम गेलाय माझा."

शिपाई जागच्या जागी थबकला. संयोजक घड्याळाकडे बघू लागले.

शालनने पिशवीतून खडू काढला, खाली वाकली आणि हौसाक्काच्या पावलांभोवती ठसठशीत रेघ ओढली.