चोवीस व्होल्ट

“ह्यो नको. ह्यो कारचा दिसतोय. आमाला ट्रकला पायजे,” म्हणत चांदसाहेबांनी हातातला जंप स्टार्टर, बॅटरी बसलेली गाडी चालू करून देणारा डबा, काउंटरवर परत ठेवला.

सांगलीत मार्केट यार्डाजवळ अरिहंतचं बॅटरीचं दुकान होतं. चांदसाहेब आणि त्यांची बायको परवीन सकाळच्या एसटीनं लोणंदहून आले होते. चांदसाहेब गाद्या शिवणारे. ट्रकच्या स्टीअरिंगला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता.

“ट्रक कसला हाय चाचा?” अरिहंतनं विचारलं.

“सहा सिलिंडर. टर्बो इंजिन. फोनवर विचारून घेतलंय.”

“मग चोवीस व्होल्टचाच लागंल. ट्रकला दोन बॅटऱ्या असत्यात. बारावाला लावला तर नुसती टकटक व्हईल.”

त्यानं आतून दोन डबे आणले. परवीननं त्यातला लहान उचलला. “ह्याच्यावर आकडा मोठा हाय की.”

“त्या आकड्यावर जाऊ नका चाची. तो एका झटक्याचा असतोय. असलं इंजिन थंडीत पहिल्या दमात उठत न्हाई. दोन-चारदा स्टार्टर मारावा लागतोय. तेवढी ताकद ह्या दुसऱ्यात हाय. चिमटे उलटे लागले तरी जाळ व्हनार न्हाई. फकस्त दोन-तीन म्हैन्यांनी चार्ज करायला सांगा.”

“एकट्या मानसाला जमतंय का? कुनाला हात न करता?” चांदसाहेबांनी विचारलं.

“त्यासाठीच तर असतोय ह्यो.”

“मग ह्योच द्या. जड असला तर असू दे.”

अरिहंतनं खोका बांधता बांधता विचारलं, “पोराचा ट्रक हाय का?”

“न्हाई. ज्यानं मला जगवलं त्याचा.”

सात महिन्यांपूर्वी चांदसाहेब स्कूटरवरून कराडला कापड आणायला निघाले होते. उंब्रजच्या पुढे छातीत कळ आली. स्कूटर कशीबशी कडेला लावली आणि तिथंच कोसळले. गाड्या शेजारून जात राहिल्या. एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं त्यांना उचलून केबिनमध्ये घेतलं, त्यांच्या खिशातल्या कागदावरचा घरचा नंबर बघून परवीनला फोन लावला. “घाबरू नका, मी हाय,” एवढंच तो बोलला. पण बंद केलेला ट्रक पुन्हा चालूच होईना. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली. शेवटी त्यानं आडवं जाऊन एक जीप थांबवली आणि चांदसाहेबांना तिच्यातून दवाखान्यात धाडलं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

परवीननं त्याच दिवशी संध्याकाळी त्या नंबरवर फोन केला. नुसती रिंग वाजली. दुसऱ्या दिवसापासून फोन बंदच. गेल्या आठवड्यात सहज लावला, तर कुणीतरी उचलला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “व्हय, त्योच ट्रक. सांगलीला यार्डात हळद भरायला येतोय. या.”

यार्डात ट्रक उभा होता. हमाल पोती चढवत होते. खाली उभा असलेला तिशीतला माणूस पुढे आला.

“मी जोतिबा.”

चांदसाहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले. मग ते म्हणाले, “तुमचा चेहरा बी ध्यानात न्हाई बघा. डोळ्यांपुढं सगळा धूर व्हता. नुसतं बोलनं आठवतंय.”

“काय म्हनाला व्हता... काय म्हनालो व्हतो मी?”

“म्हनाला व्हता, ‘मामू, डोळं उघडं ठेवा. घरची वाट बघत्यात. मी सोडत न्हाई तुमाला.’ सारखं तेच.”

जोतिबा खाली बघत होता. “आनि?”

“जीपमध्ये ठेवताना माझ्या कपाळावरचा घाम पुसला. सवताच्या टावेलानं. आन् हसला असाल. तसं वाटलं.”

“हसला?” जोतिबानं तोंडावरून हात फिरवला. “परत एकदा सांगा की.”

चांदसाहेबांनी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ज्यानं उपकार केले त्याला आपल्या तोंडून ते ऐकायला बरं वाटत असेल, तर दहा वेळा सांगायची त्यांची तयारी होती.

परवीननं खोका पुढे केला. “आमच्यापायी तुमची गाडी बंद पडली. आता रस्त्यात कुनाची वाट बघायला नको.”

जोतिबानं खोका हातात घेतला. त्यावरची अक्षरं वाचत तो उभा राहिला.

“त्या दिवशी मग गाडी चालू झाली का?” चांदसाहेबांनी विचारलं.

“झाली,” तो म्हणाला. “संध्याकाळी.”

“अल्ला तुमाला लांब उमर देवो.”

जोतिबा वाकला आणि दोघांच्या पाया पडला. चहा पाजल्याशिवाय त्यानं त्यांना जाऊ दिलं नाही. परत निघताना रिक्षापर्यंत पोहोचवायला आला, चांदसाहेबांना दंडाला धरून आत बसवलं आणि गोळ्या वेळेवर घ्यायला बजावलं. रिक्षा वळेपर्यंत परवीन मागे बघून हात हलवत होती.

मग तो केबिनमध्ये चढला. दार ओढून घेऊन त्यानं घरी फोन लावला.

“वैनी, आलती ती मानसं. म्हातारा चांगला हाय. चालतोय, बोलतोय... न्हाई, न्हाई सांगितलं. मीच त्यो ड्रायव्हर म्हनालो.” “त्यांना जीपमध्ये घातल्यावर, गाडी चालू करायला कुनी मदत देतंय का म्हनून दादा हायवेवर हात करत उभा ऱ्हायला आन् टेम्पोनं त्याला उडवला, जागीच गेला त्यो, हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?”