गच्चीवरची दोरी

मशीनचं झाकण उघडून उल्काने आत पाहिलं. एक शर्ट, एक बनियन, एक टॉवेल. एवढ्यासाठी सासऱ्यांनी आज पुन्हा मशीन लावलं होतं. सलग सहावा दिवस. बंगळुरातल्या हेब्बाळच्या त्या इमारतीत महिनाभर टँकरच्या पाण्यावर भागत होतं, आणि कपडे आठवड्यातून दोनदाच धुवा, अशी नोटीस लिफ्टमध्ये लागली होती.

रत्नाकरराव नागपूर सोडून मुलाकडे आले त्याला चार महिने झाले होते. माणूस अबोल, कुणाला त्रास न देणारा. त्यामुळे सांगताना उल्काला जडच गेलं. यापुढे बुधवारी आणि रविवारीच मशीन लावू या बाबा, असं ती म्हणाली. त्यांनी लगेच मान डोलावली. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. दुपारभर ते खिडकीशी बसून राहू लागले.

शुक्रवारी उल्का घरूनच काम करत होती. दहाच्या सुमारास सासरे बादली घेऊन बाहेर पडलेले तिला दिसले. मशीन तर दोन दिवस बंद होतं. ती मागोमाग गच्चीवर गेली आणि दारातच थबकली. कपाटातले इस्त्रीचे शर्ट बादलीतून काढून ते एकेक करून दोरीवर घालत होते. चिमटेही लावत होते.

तिच्या आजोबांचं विसरणं असंच कशाकशातून सुरू झालं होतं. नवऱ्याला, अजितला फोन करायला तिने मोबाइल हातात घेतला.

तेवढ्यात पलीकडच्या दोरीपाशी कुणीतरी बोललं. दुसऱ्या मजल्यावरच्या राजलक्ष्मी अक्का होत्या. सारा जन्म जुन्या बंगळुरात, चामराजपेटेतल्या मराठी घरात गेलेला, आता लेकाकडे राहायला आलेल्या. घरात नातवंडं इंग्रजी बोलत, सून कन्नड; मराठी बोलायला कुणी नव्हतं.

"कालही आला नाहीत तुम्ही. मी तासभर उन्हात उभी होते."

"कपडेच नव्हते अक्का. रिकाम्या हाताने गच्चीवर कसा येऊ?"

मग अक्का काहीतरी हळू बोलल्या, आणि रत्नाकरराव हसले. चांगले मोठ्याने हसले. चार महिन्यांत उल्काने ते हसणं ऐकलं नव्हतं. तिने मोबाइल खिशात ठेवला. दार करकरलं, तशी दोघंही वळली.

अक्का घाईघाईने बादलीवर वाकल्या. स्वल्प, थोडेसेच कपडे होते, तेच वाळत घालायला आले, असं पुटपुटत त्यांनी एक साडी बाहेर काढली. उल्काने पुढे होऊन ती हातात घेतली. साडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

उल्काने ती घडी उलगडली आणि दोनदा जोरात झटकली.

"ओली साडी जड होते अक्का," ती म्हणाली. "रोज मला हाक मारत जा, मी घालून देईन."