गाऱ्हाणे

पेडण्याच्या हमरस्त्यावरील चौकातला उड्डाणपूल गेल्या वर्षी ढासळला, आणि त्याखालून कॉलेजला निघालेली गुरुदासची मुलगी सिद्धी पुन्हा घरी परतली नाही. आज तो पूल बांधणारा ठेकेदारच त्याच पुलाच्या फेरबांधणीचा नारळ फोडायला उजळ माथ्याने उभा होता. आणि गावरिवाजाप्रमाणे देवाला गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणे मागण्याचा, मान मात्र गुरुदासच्याच घराण्याकडे होता.

“गुरुदासभाऊ, आज वाकडां काय बोलू नकात हां,” कामाची सूत्रे सांभाळणारा इंजिनियर गौरेश त्याच्या कानाशी कुजबुजला.

“देवाकडे सरळच मागतलंय,” गुरुदास म्हणाला, आणि त्याने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्यो पूल वेळेर पुरो होऊंदे!”

“व्हय म्हाराजा!” ठेकेदार, अधिकारी आणि पुढारी खुर्च्यांवरून एका सुरात गरजले.

“कामावरल्या माणसांका सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्यो पूल बांधणाऱ्यांची पोरांबाळां रोज ह्याच पुलाखालसून शाळेक जाऊंदेत रे म्हाराजा!”



एकाही खुर्चीवरून ‘व्हय’ उमटले नाही.