चुकलीस तर खोकेन

तिसरं पोतं भाचीने उपडं केलं आणि गोदामभर धुळीचा लोट उठला. गोदामवाला खोकला. त्याचा हमाल खोकला. आत्या मात्र दारात होती तशीच उभी राहिली, तोंडावर रुमाल घट्ट दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आत्या खोकली नाही. म्हणजे आतापर्यंत सगळं बरोबर चाललं होतं.

ठरलंच होतं तसं. सकाळी टेम्पोत आत्या म्हणाली होती, "आज बोर्ड तू बघायचे. भावही तूच बोलायचा. चुकलीस तर खोकेन." नववीतल्या मुलीची इतकी सोपी परीक्षा आजवर कुणी घेतली नसेल. चुकायच्या आत बाईच खोकणार, मग घाबरायचं कशाला?

आणि बाई साध्यासुध्या नव्हत्या. भंगारवाले आत्याला 'दुर्बीण' म्हणायचे. जुन्या कॉम्प्युटरमधले सर्किट बोर्ड ती वीस वर्षं किलोवर घेत होती आणि त्यातलं सोनं-तांबं काढणाऱ्या कारखान्याला विकत होती. पोत्यात वरचा थर तेवढा चांगला, खाली टाकाऊ माल, हे ती म्हणे दहा पावलांवरून सांगायची. आत्तासुद्धा गोदामवाला भाचीकडे बघतच नव्हता. त्याचं सगळं लक्ष दुर्बिणीकडे. दुर्बीण त्याच्या खांद्यावरून पलीकडे टक लावून होती, जणू मागच्या भिंतीच्या आतलंही तिला दिसत होतं. बिचाऱ्याला घाम फुटला होता.

माल मात्र हवाच होता. कारखाना अर्धी गाडी घेत नाही. आणि घेतली तरी, ट्रक भरून जावो की अर्धा जावो, भाडं तेवढंच. अर्ध्या ट्रकच्या भाड्यात सगळा नफा गडप होतो. आत्याकडे सहाशे किलो कमी पडत होते. शनिवारी भरलेला ट्रक पोचला नाही, तर कारखान्याचं वर्षाचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं, आणि मग आत्याच्या दुकानाला कुलूपच. हे गोदामवाल्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर त्याने भाव चढवला होता, आणि वर, घ्यायची तर वीसच्या वीस पोती घ्या, निवडानिवड चालणार नाही, असं ठणकावलं होतं.

भाची उकिडवी बसली. हातातला बोर्ड हिरवागार, चांगल्या जातीचा. त्याच्यावर धुळीची साय. पण मधोमध एक चौकोन लख्ख. भिंतीवरचा जुना नकाशा काढला की मागे राहतो ना, अगदी तसा. तिने दुसरा बोर्ड उचलला. तोच चौकोन. तिसरा. पुन्हा तोच.

चिप उपटल्या होत्या. त्याही काल-परवाच, नाहीतर चौकोनांवरही धूळ बसली असती. आणि सोनं असतं ते मुख्यतः त्या चिपमध्येच.

मग तिने एकही पोतं सोडलं नाही. मागच्या रांगेतली काढायला हमाल कुरकुरला, तर ती स्वतःच पोत्यांवर चढली. नऊ पोती धड होती, अकरा लुटलेली. वर चढल्यावर तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती गालातल्या गालात हसतच खाली उतरली.

"नऊ पोती तुमच्या भावाने," ती म्हणाली. "अकरा अर्ध्या भावाने. त्यांतल्या चिप तुम्ही काढून घेतल्यात, काका."

गोदामवाला हसला. तिच्या डोक्यावरूनच तो आत्याशी बोलला. पोरीचा खेळ पुरे झाला म्हणाला. उद्या दोन गिऱ्हाईकं येणार आहेत, शनिवारी तुमचाच ट्रक अर्धा जाईल, तेव्हा बघा बुवा.

भाचीने कान टवकारले. खोकला काही आला नाही.

"येतील की उद्या, पण येतील कुठे?" ती म्हणाली. "छताचा पंखा उतरवलाय, मांडण्या खोलून ठेवल्यात. गोदाम तुम्हाला आजच रिकामं करायचंय. आणि बिनचिपच्या मालाला दुसरं कोण हात लावतंय?"

गोदामवाल्याने छताच्या रिकाम्या हुकाकडे पाहिलं, मग दुर्बिणीकडे. पोरीला चांगलं पढवून आणलंय, असं पुटपुटत त्याने हमालाला काटा मांडायला सांगितलं. प्रत्येक वजन मोठ्याने वाच, एवढंच आत्या भाचीला म्हणाली. पोरीने वीस पोत्यांची वर्गातल्यासारखी हजेरी घेतली.

टेम्पो कोपऱ्यावर वळला आणि आत्या खोकायला लागली. थांबेचना.

"चुकलं का माझं? आता सांगतेस?"

आत्याने हातानेच नाही म्हटलं. पाणी प्यायली. धूळ आहे नुसती, म्हणाली, तासभर दाबून धरला होता खोकला.

"अगं, पण का?"

"तू थांबली असतीस ना." आत्याने तिच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला. तो वीतभर अलीकडेच हवेत टेकला.

तिने आपला खांदा हळूच त्या हाताखाली सरकवला. "आणि मी खरंच चुकले असते तर?"

"तरी कुठून खोकणार होते?" आत्या म्हणाली. "सहा महिने झाले, मला पोतं कुठलं आणि गोदामवाला कुठला तेच दिसत नाही."