बाबांच्या हातचा जोड

मेन स्विच बंद करून वायरमन स्टुलावर चढला आणि न्हाणीघराच्या दारावर लोंबणारा काळा गोळा त्याने टेस्टरच्या टोकाने हळूच ढकलला. खाली उभं असलेलं अख्खं घर एक पाऊल मागे सरलं.

"हे काय आहे?"

"जोड आहे," सासरे म्हणाले. "माझ्या हातचा."

दोन वायरींना पीळ मारायचा आणि वर टेप गुंडाळायची, एवढंच त्यात होतं. जोड तापला की सासरे आणखी एक वेढा देत. मुलगा रांगत होता तेव्हाचं ते लिंबू मुलाच्या लग्नापर्यंत नारळाएवढं झालं. घरानेही त्याच्याशी जमवून घेतलं. गिझर चालू असताना मिक्सर नाही, मिक्सर चालू असताना इस्त्री नाही, आणि कुठलंही बटण दाबण्याआधी मोठ्याने विचारायचं, "बाबा, लावू का?" बाबा बहुधा "थांब" म्हणत. नवी सून लग्न झाल्यापासून थांबत होती. काल मिक्सरवर हात ठेवून तिष्ठत असताना तिला न्हाणीघराकडून जळका वास आला, आणि कुणालाही न विचारता तिने वायरमनला फोन केला.

"एवढ्याशासाठी माणूस कशाला बोलवायचा?" सासूबाई म्हणाल्या. "आमचा सगळा संसार याच जोडावर झाला."

"पुण्याई म्हणायची, काकू," म्हणत वायरमनने टेप सोलायला घेतली. आत तांबं कोळशासारखं झालं होतं. ओळखीचं कुणी गेल्यासारखे सासरे बघत राहिले.

वायरमनने जळका भाग छाटला, टोकं नव्याने सोलली, एकेक कनेक्टरमध्ये घालून स्क्रू आवळले. प्रत्येक वायर ओढून पाहिली. उघडं तांबं कुठे राहिलं नाही ना, तेही पाहिलं. मग सगळं एका डबीत बसवून तिला झाकण लावलं.

"आणि टेप?" सासऱ्यांनी विचारलं.

"लागत नाही."

"एखादा वेढा तरी. मनाला बरं वाटतं."

"मग वेढा मनाला मारा, काका. जोडाला नको. आणि या झाकणावर प्लास्टर करू नका. कधी बघावंसं वाटलं तर उघडता आलं पाहिजे."

त्याने मेन चालू केला. "वायर जाड आहे, दमदार आहे. जोडच तेवढा कच्चा होता. आता गिझर, मिक्सर, इस्त्री, सगळं एकदम लावा. कुणाला विचारायचं काम नाही."

शेवटचं वाक्य सुनेला त्याच्याकडून पुन्हा एकदा ऐकायचं होतं, पण तो चपला घालून निघालाही.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. तिथून न्हाणीघरातला गिझरचा लाल दिवा लागलेला दिसत होता. तो बघून, न विचारता, तिने मिक्सरचं बटण दाबलं. मिक्सर घरघरला. बाहेर सासऱ्यांनी पेपर तोंडापुढे धरला. पान काही उलटलं नाही. कोर्टात खटला जिंकल्यासारखी ती गालात हसली.

तेवढ्यात आतल्या खोलीत खट्ट वाजलं.

"कोण इस्त्री लावतंय?" घर दणाणलं. "मिक्सर चालू आहे, ऐकू येत नाही? आधी विचारायला काय होतं?"

आवाज तिचाच होता.

नवऱ्याने निमूटपणे पिन काढली. तिने मिक्सर बंद केला, न्हाणीघरापाशी गेली आणि दाराच्या वर हात उंचावून भिंतीला तळवा लावला. भिंत गार होती. तरी तळवा काढवेना.

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला आणि समाधानाने सासूबाईंकडे पाहिलं.

"रुळली हो पोर," ते म्हणाले. "आता खरी या घरची झाली."