लाल कार्ड

गतिमंदांवरचा अभ्यास गतिमंदांना विचारूनच करायचा, असं ठरलं आणि बेबीताईंना बैठकीला बोलावलं. त्यांच्यापुढे एक लाल कार्ड ठेवलं. कळलं नाही की उचलायचं.

प्राध्यापकबाई बोलायला लागल्या आणि कार्ड वर गेलं. बाईंनी सोपं करून सांगितलं, तरी कार्ड पुन्हा वर! बाकीची मंडळी मात्र पहिल्यापासून माना डोलावत होती. शेवटी बाईंनी फळ्यावर चित्र काढलं, तेव्हा कुठे बेबीताईंचं समाधान झालं.

शेजारच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना हळूच कोपराने ढोसलं.

"बेबीताई, अजून एकदा उचला ना!"

"मला कळलं की."

"अहो, तुम्हाला कळलं हो..."

बेबीताईंनी कार्ड त्यांच्याकडे सरकवलं.

"घ्या. लाज फक्त पहिल्यांदा वाटते."