पुलावर पाय उचलणारी गाडी

काका गेल्यावरही काकूंनी त्यांची जुनी गाडी विकली नाही. स्वतः चालवायला शिकल्या. पण पुलावर आली की गाडी क्षणभर दम खायची आणि आपली आपण पुन्हा वेग धरायची. इतर कुठेही नाही, फक्त पुलावर.

मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून साफ केला, पेट्रोलचा पंप बदलला. दुखणं जैसे थे. शेवटी तो म्हणाला, "काकू, आज मी चालवतो. तुम्ही शेजारी बसा."

भर दुपारी गाडी पुलावर चढली आणि इंजिनचा आवाज बसला.

"पेट्रोल पुरतंय, ठिणगी पडतेय," तो वैतागला. "मग हिला झालंय तरी काय?"

काकू खिडकीतून नदी बघत होत्या. "काही नाही रे. हे इथे नेहमी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचे. मला पाणी बघायला आवडतं ना, म्हणून."

मेकॅनिकने खाली पाहिलं. अ‍ॅक्सिलरेटर त्याने दाबून धरला होता, तरी तो त्याचा पाय सारत सावकाश वर येत होता. त्याने घाबरून पाय काढून घेतला.

पूल संपला. अ‍ॅक्सिलरेटर आपोआप खाली गेला, अगदी मुरलेल्या पायाने दाबावा तसा.

घराचं वळण आलं. स्टिअरिंग फिरू लागलं, तेव्हा मेकॅनिकचे दोन्ही हात त्याच्या छातीशी होते.

काकूंनी डोळे मिटले होते.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आज घरी नको ना."

फिरणारं स्टिअरिंग थबकलं, आणि सरळ झालं.